हालबेराचे तीन प्रश्न

डॉक्टर आउस्मुंदुर पावसात निथळत टेलिफोनघराच्या दारात उभा राहिला आणि आत पाऊल टाकण्याआधी त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "मी कसा पोचलो तुमच्याकडे? माझ्या पुढे काय आलं?"

पाहुणा दारात येण्याआधी त्याचं काहीतरी घरात शिरतं, हे आइसलंडच्या त्या खाडीत लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणाला जांभया सुटतात, कुणाच्या हातून चमचा पडतो, एखाद्याच्या आधी सगळं घर विनाकारण भांडायला लागतं. यजमानिणीने ते मोकळेपणी सांगायचं आणि पाहुण्याने हसून सोसायचं, अशी पद्धत आहे.

"सकाळपासून जांभया देतेय मी," हालबेरा म्हणाली. "पण तुम्ही मंगळवारीच तार केली होतीत, म्हणून ती जांभई धरायची नाही. बूट काढा, कॉफी तयार आहे."

डॉक्टर खूश झाला. राजधानीहून दोन दिवसांचा प्रवास करून तो या बाईला भेटायला आला होता आणि बाईने उंबरठ्यावरच आपला गुण दाखवला होता. लोकांना पडणारी खरी स्वप्नं, दुरून लागणारी चाहूल, मेलेल्यांचं दिसणं असल्या गोष्टींवर तो विद्यापीठात बसून पुस्तक लिहीत होता. यातलं काय अतींद्रिय म्हणून धरावं आणि काय सोडावं, यावर त्याने आतापर्यंत साठ पानं लिहिली होती. हालबेराने त्यावर एक पानही लिहिलेलं नव्हतं. तिने फक्त अठ्ठावीस वर्षं गाळण्याचं काम केलं होतं.

हालबेरा चोविसाव्या वर्षी टेलिफोनवर बसली. तिच्या बापाच्या घराची दर्शनी खोली सरकारने भाड्याने घेतली, भिंतीवर फोन जोडायच्या खुंट्यांची पेटी बसवली आणि पाद्र्याने तिचा हात बायबलवर ठेवून शपथ घातली की तारेवरून जाईल ते तुझ्या तोंडून बाहेर येणार नाही. त्याच वर्षी आई गेली. सात वर्षांचा धाकटा भाऊ स्टेनथोर तिच्या पदरात पडला. तिने लग्न केलं नाही. दोन जणांनी विचारलं होतं. पण एकाला टेलिफोन नको होता, दुसऱ्याला पोरगा नको होता.

खोऱ्यातल्या नऊ वाड्या एकाच तारेवर होत्या. प्रत्येक वाडीची घंटा वेगळी, पण वाजायची नऊही घरांत. आपली नसली की फोन उचलायचा नाही, असा नियम होता आणि तो कुणीही पाळत नव्हता. हिवाळ्यात दुसरं करायचं काय? बायका विणकाम मांडीवर घेऊन, फोन कानाला लावून, श्वास दाबून बसत. मात्र 'मी ऐकलं' असं कबूल करणारा माणूस त्या खोऱ्यात जन्मला नव्हता. ज्याची गाय आजारी असे त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी चार जण औषध घेऊन 'सहज' येत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्या लोकांचा हात धरणारं जगात कुणी नसेल. एक फोन उचलला गेला की बोलणाऱ्याचा आवाज थोडा बारीक होतो, पाच उचलले की विहिरीतून आल्यासारखा येतो. हालबेरा नियमाने जोडणी करून बाजूला होई. पण दर तीन मिनिटांनी 'बोलणं चालू आहे?' एवढं विचारायला तिला तारेवर यावं लागे, आणि तेवढ्यात कोण कोण ऐकतंय ते तिला कळे. क्वाम्मुर वाडीचं भिंतीवरचं घड्याळ लंगडं चालायचं, एक ठोका जोरात आणि एक हळू. ते तर तिला झोपेतही ओळखू आलं असतं.

स्वप्नांचं टिपण तिने वैतागून सुरू केलं. पाद्र्याचा घोडा दरीत पडून मेला तेव्हा चार बायकांनी सांगितलं की आपल्याला आधीच दिसलं होतं. चौघींनाही ते घोडा मेल्यावर आठवलं. हालबेराने सगळ्यांसाठीची लांब घंटा वाजवली आणि नऊ वाड्यांना एकदम बजावलं, "यापुढे कुणाला काही दिसलं, वाटलं, पडलं, तर ते खरं व्हायच्या आधी मला कळवा. मी तारीख-वेळ लिहीन. नंतर आलात तर कॉफी मिळेल, वही मिळणार नाही."

लोक रागावले, पण कळवू लागले. कळवलेल्या प्रत्येक गोष्टीला तिचे तीन प्रश्न असत. घडल्याचं कळायच्या आधी सांगितलंस का? दुसऱ्या कुठल्या वाटेने ते तुझ्यापर्यंत पोचू शकलं असतं का? आणि तिसरा, ज्यावर माणसं सर्वांत जास्त चिडत: तुझी जी स्वप्नं खरी झाली नाहीत, तीही सांगितलीस का? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती पडतेच, पण कावळा किती फांद्यांवर बसून उडाला हेही मोजायला नको का?

चारशे बारा टिपणांतली सहा उरली होती.

"सहाच?" डॉक्टर दातांत साखरेचा खडा धरून म्हणाला.

"जास्तच आहेत. सातवं होतं, ते मी परवा काढलं. त्या बाईला समुद्रावरच्या बोटींचा रेडिओ लागतो हे मला माहीत नव्हतं."

"आणि उरलेली कसली आहेत?"

"बारीकसारीक. गिल वाडीच्या म्हातारीने एका सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कळवलं की कॅनडातली बहीण स्वप्नात आली होती, तिचे केस कापलेले होते. दीड महिन्याने पत्र आलं. आत वेणी. बहिणीने त्याच आठवड्यात कापली होती आणि तोवर चाळीस वर्षांत कधी कापली नव्हती. म्हातारीने त्याआधी मला एकवीस स्वप्नं सांगितली होती, सगळी फुकट गेली. तीही लिहिलेली आहेत."

"मग याला तुम्ही काय म्हणता?"

"बाविसावं म्हणते." हालबेराने कप पुसला. "ते कसं आलं हे मला विचारू नका. मी फक्त एवढं सांगेन की ते माझ्या तारेवरून आलं नाही."

डॉक्टरने आपली व्याख्या वाचून दाखवली: ज्ञात इंद्रियांच्या वाटेने न मिळालेलं ज्ञान. हालबेराने ती मन लावून ऐकली आणि म्हणाली की चांगली आहे, पण शहरात लिहिलेली दिसते. शहरात माणसाला शेजाऱ्याचं काहीच कळत नाही, त्यामुळे जे कळेल ते अद्भुत वाटतं. "इथे उलट आहे. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त कुठून ते कुणी सांगत नाही. तुमच्या व्याख्येत 'न मिळालेलं' आहे ना, तिथे 'आणि लपवलेलंही नाही' एवढं घाला."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. मग त्याने पिशवीतून एका साप्ताहिकाचं जुनं कात्रण काढलं. हालबेराला ते बघायचीही गरज नव्हती. 'क्वाम्मुरचं स्वप्न.' बर्फाच्या वादळात हरवलेला तरुण नक्की कुठे पडला आहे हे क्वाम्मुरच्या ईस्लेवुरला स्वप्नात दिसलं आणि त्याने जाऊन त्याला जिवंत आणलं, ही गोष्ट देशभर गाजली होती. खोऱ्याला तेवढं एकच भूषण होतं. वाचलेला तरुण म्हणजे हालबेराचा भाऊ.

"माझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण हेच," डॉक्टर म्हणाला. "उद्या ईस्लेवुरला भेटतो. पण तुमच्या सहांत हे कसं नाही? तुमच्या सख्ख्या भावाची गोष्ट! तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत की काम झालं."

हालबेराने त्याचा रिकामा कप उचलला. "सहीचं उद्या बघू," ती म्हणाली. "पाद्र्याच्या बायकोने केक केलाय तुमच्यासाठी. जा, थंड होईल."

केक थंडच खातात, पण डॉक्टर गेला.

अकरा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात स्टेनथोर तुंगा वाडीवर गडी होता. एका सकाळी नऊला त्याने पलीकडच्या खाडीतल्या बंदरावर फोन मागितला. तिथल्या मासळीच्या कारखान्यात थोरा नावाची मुलगी होती आणि ती दुपारच्या जहाजाने राजधानीला निघणार होती. हालबेराने जोडून दिलं, तीन मिनिटांनी 'चालू आहे?' विचारलं आणि बाजूला झाली. भावाचा आवाज बारीक येत होता. तीन फोन तरी उचललेले होते. दोन तिला ओळखू आले नाहीत. तिसऱ्यातून लंगडं घड्याळ चालत होतं.

स्टेनथोरने वाडीवर सांगितलं की दक्षिणेच्या पठारावर चुकलेल्या मेंढ्या बघायला जातो. दुपारी वादळ आलं. रात्री तो परतला नाही. उजाडताच माणसं दक्षिणेला गेली. हालबेराने शपथ गुंडाळून ठेवली आणि बंदरावर फोन केला. ती मुलगी कालच जहाजावर चढलेली, आणि वादळात जहाजाशी बिनतारी संपर्क तुटलेला. भाऊ कुठे गेला याचं उत्तर त्या नऊ वाजताच्या फोनमध्ये होतं आणि तो ऐकणारे तीन जण खोऱ्यात आपापल्या घरी बसलेले होते.

दहा वाजता तिने सगळ्यांसाठीची लांब घंटा वाजवली. "स्टेनथोर कुठल्या वाटेने गेला, कुणाला माहीत आहे?" नऊ फोन उचललेले. कुणी बोललं नाही. तिने पुन्हा विचारलं. आयुष्यात तिने कुणापुढे हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले. पण तारेवरून ते कुणाला दिसणार? एकेक फोन खाली ठेवला गेला.

अकराला ईस्लेवुरचा फोन आला. म्हणाला, कॉफीनंतर डुलकी लागली आणि स्वप्नात दिसलं: उत्तरेचं पठार, दगडांच्या खुणांची वाट, निळ्या स्वेटरमधला माणूस. मी निघतो. बासष्ट वर्षांचा म्हातारा दोन माणसं आणि कुत्रं घेऊन वादळ पुरतं ओसरायच्या आधीच वर चढला. उत्तरेला खुणांची वाट एकच आहे. तिसऱ्या प्रहरी त्यांनी स्टेनथोरला खाली आणलं. पायाची दोन बोटं गेली, जीव राहिला. थोराने जहाज सुटेपर्यंत बंदरावर वाट पाहिली, तो आला नाही म्हणून रुसली आणि पुढे राजधानीतच कुणाशी तरी लग्न करून मोकळी झाली. स्टेनथोरने त्या फोनचं नाव कधी काढलं नाही. आता तो दोन मुलांचा बाप आहे आणि दुधाची गाडी चालवतो.

खोऱ्याने ईस्लेवुरला डोक्यावर घेतलं. हालबेराने मात्र त्याचे आभार कधीच मानले नाहीत. देवळात भेटला की मान हलवायची, तेवढंच. आपल्या पोराच्या जिवावर या माणसाने खोटं मोठेपण कमावलं, हे तिच्या मनात सलत होतं, आणि शपथेपायी ते बोलताही येत नव्हतं. आता ते खोटं तिच्या सहीने छापलं जाणार होतं. सही केली तर अठ्ठावीस वर्षांची वही चुलीत घालावी. न करावी, तर डॉक्टर कारण विचारणार; आणि कारण सांगणं म्हणजे तारेवरचं बोलणं बाहेर काढणं, शिवाय त्र्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं नाक कापणं.

बाहेर पाऊस थांबत नव्हता. गवत कापायचे दिवस, पण सगळं खोरं घरात अडकलेलं. हालबेरा उठली, खुर्ची पेटीपुढे ओढली आणि क्वाम्मुरची घंटा दिली: दोन लांब, दोन आखूड.

"क्वाम्मुर," ईस्लेवुरचा आवाज आला. मागे घड्याळ.

"हालबेरा बोलतेय. पाऊस काय म्हणतो?"

"गवत कुजवतो, दुसरं काय! तुझा तो डॉक्टर आला का? मी नवा शर्ट काढून ठेवलाय उद्यासाठी."

"आला." तेवढ्यात तारेवर एक कॅनरी किलबिलली, म्हणजे बाक्की वाडीची गुन्वर आली. गिलचं तान्हं कुरकुरलं. मग एकेक फोन उचलला गेला तसा आवाज पातळ होत गेला.

"जरा मोठ्याने बोल," ईस्लेवुर म्हणाला. "आज काही ऐकूच येत नाही."

"पाऊस आहे ना. माणसं घरात आहेत." कुणीतरी खोकला दाबला. "ऐक. तुझ्या स्वप्नाला मी माझे प्रश्न कधी विचारलेच नाहीत. आज विचारते. उत्तर दे नाहीतर देऊ नकोस. मी शपथेने बांधलेली बाई आहे. माझ्या तोंडून कुणाला काही कळणार नाही. उद्याही नाही."

"विचार."

"घडल्याचं कळायच्या आधी सांगितलंस?"

"तुलाच तर सांगितलं. अकराला."

"मान्य. दुसऱ्या कुठल्या वाटेने ते तुझ्यापर्यंत पोचू शकलं असतं का?"

घड्याळ चालत होतं, एक ठोका जोरात, एक हळू. हालबेराने वीस मोजले. तिला वाटलं, म्हातारा 'नाही' म्हणेल आणि सगळं आणखीनच कठीण होऊन बसेल.

"तुला माहीत आहे, हालबेरा."

"मला काय माहीत आहे ते मी विचारलं नाही."

"मी फोन उचलला होता," ईस्लेवुर म्हणाला.

तीस वर्षांत हे वाक्य त्या तारेवर कुणी उच्चारलं नव्हतं, दारू पिऊनसुद्धा नाही. गिलचं तान्हंही गप्प झालं.

"पोरगं त्या मुलीशी बोलत होतं," तो पुढे म्हणाला. "जहाजावर चढू नकोस, मी उत्तरेच्या पठारावरून येतो, म्हणाला. ठेवायला हवा होता मी फोन. नाही ठेवला, गोड बोलत होतं गं. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा जीभ उचलेना. पोराच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकणारा म्हातारा, असं म्हणाले असते ना सगळे? तासभर घरात फेऱ्या मारल्या. एक तास घालवला मी, हालबेरा. मग म्हटलं, स्वप्न सांगावं. स्वप्नाला कुणी विचारत नाही, तू कुठून आलंस."

"मी विचारते."

"तू विचारतेस. म्हणून तर अकरा वर्षं तुझ्या नजरेला नजर देत नाही." तो हसल्यासारखं करू लागला, पण जमलं नाही. "काट ते. डॉक्टरला मीच सांगतो उद्या. शर्ट मात्र घालीन."

"काटते," हालबेरा म्हणाली.

एवढं बोलून ती खुंटी उपटणार होती. काम झालं होतं, वही स्वच्छ राहिली होती आणि शपथही. पण तो एक तास तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला: बासष्ट वर्षांचा माणूस घरात फेऱ्या मारतोय आणि शेवटी दाराकडे जाऊन बूट चढवतोय. अकरा वर्षं तिने त्याच्या खोट्याचाच हिशेब ठेवला होता.

"ईस्लेवुर, थांब," ती म्हणाली. "मी तुझे आभार मानले नाहीत कधी. खरंच स्वप्न पडलं असतं, तर आभार कुणाचे मानायचे? पडतं त्याला पडतं. तू लाज पोटात घालून त्या वादळात वर चढलास, तुझ्या पायांनी. तो माझा भाऊ आहे म्हणतात लोक. माझं पोर आहे ते. मी वाढवलंय त्याला." तिचा आवाज फाटला आणि तिने तो फाटू दिला. "आभार. फार उशिरा मानते, पण घे."

"घेतले," म्हातारा कसाबसा म्हणाला.

एव्हाना तारेवरचे फोन एकेक करून खाली जायला हवे होते. एकही गेला नाही. आवाज तसाच पातळ राहिला. मग कॅनरी एकदा किलबिलली आणि कुणीतरी तिच्या पिंजऱ्यावर कापड टाकलं.

"हालबेरा," एक बाई म्हणाली. "मी गुन्वर. बाक्कीहून."

बाक्कीची घंटा कुणी वाजवली नव्हती. देवळात पुढच्या बाकावर बसून गाणारी गुन्वर, दर नाताळात स्टेनथोरला धुरी देऊन टिकवलेली मेंढीची अख्खी तंगडी पाठवणारी गुन्वर. इतकी मोठी तंगडी का, हे आजवर कुणाला कळलेलं नव्हतं.

"बोल," हालबेरा म्हणाली.

"त्या सकाळी नऊ वाजता मीही फोन उचलला होता. पठार, जहाज, सगळं ऐकलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता तू विचारलंस तेव्हाही उचललेलाच होता. तू दोनदा विचारलंस." क्वाम्मुरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. "मी खाली ठेवला, आणि लोकर पिंजायला बसले. मला साधं स्वप्नही पडलं नाही."